बाकावरची भिशी

"मावशी, नमस्कार. मी कराडला राहते. मुलगा सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. मोठी मुलगी अकरा वर्षांची. हे साखर कारखान्यात आहेत. गळीत हंगाम लागला की पाळ्या सुरू होतात, मग चार-पाच महिने घरात मी आणि सासूबाईच. दर मंगळवारी एसटीने मुलाला साताऱ्याला थेरपीला नेते. तो पाऊण तास आत, मी बाहेर बाकावर. शेजारी हिरव्या ओढणीची एक बाई बसते, तिच्या मुलीच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या असतात. सहा महिने झाले, आम्ही एकमेकींकडे बघून हसतो, तेवढंच.

गेल्या गणपतीत आरतीला झांजा सुरू झाल्या तसा तो कान दाबून किंचाळायला लागला, जमिनीवर लोळला. मागून कुणीतरी म्हणालं, 'आवरत नाही तर आणायचं कशाला?' तेव्हापासून मी कुठे जात नाही. हळदीकुंकवाची बोलावणीही आता येत नाहीत. सासूबाई मागच्या जन्माचं काढतात. शाळेत म्हणाले, घरीच ठेवा. परवा लेक म्हणाली, 'आई, यंदा वाढदिवसाला घरी कुणाला बोलवायला नको.' एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, तिथे रोज नवीन औषध निघतं. कधी उंटिणीचं दूध, कधी स्टेम सेल. मी संस्था काढणारी बाई नाही हो. रात्री पडल्यावर कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. मी खंबीर कशी होऊ?"

तू मावशी म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते.

आधी ते सकाळी जाग न येण्याचं. तू ते जाता जाता लिहिलंयस, पण मी तिथेच अडकले. हा विचार माझ्या डोक्यातही दोन पावसाळे राहून गेलाय आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता, ते माझं चुकलं. तू सांगितलास, हे फार चांगलं केलंस. आता अजून एका ठिकाणी सांग. 14416 हा मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेला टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही सांग, आणि 'थकलेय' असं गुळमुळीत नको, मला लिहिलंयस त्याच शब्दांत सांग. आणि हा विचार नुसता येण्यावर न राहता काय करायचं, कसं करायचं इथपर्यंत पोचला, तर त्या रात्री एकटी राहू नकोस. घरातल्या कुणालातरी उठव आणि दवाखाना गाठ. पुढचं सगळं त्यानंतर वाच.

आता तुझा प्रश्न. खंबीर कशी होऊ? अगं, सात वर्षं मूल एकटीने सांभाळतेस, एसटीत त्याला मांडीवर घट्ट धरून पन्नास किलोमीटर जातेस आणि येतेस. आणखी किती खंबीर व्हायचं? आपल्याकडे अशा आईला लोक 'देवाने तुला निवडलंय' म्हणतात, महिलादिनाला शाल-श्रीफळ देतात आणि घरी जातात. तिच्या पोराला तासभर सांभाळायला मात्र कुणी थांबत नाही. तुला कमी पडतायत ती माणसं. फार नाहीत, दोन-तीन. त्यातली एक तर तुझ्या पत्रातच आहे, शेजारी बसलेली.

माझी गोष्ट सांगते. मुलगी माझी आता बत्तीस वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगावर नीट ताबा नाही, समजही थोडी मागे आहे. ती पाच वर्षांची असताना मी दर गुरुवारी सांगलीहून मिरजेला फिजिओथेरपीला न्यायची. तिथेही बाहेर एक बाक होता, लाकडी, एका बाजूला कललेला. चार-पाच बायका बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दुपटं, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा. सगळ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. असे वर्षभर बसलो आम्ही, आणि मला एकीचंही नाव माहीत नव्हतं.

एका गुरुवारी मुलीचा नंबर लागायला उशीर होता आणि मला लघवीला जायचं होतं. सकाळी घर सोडल्यापासून थांबवलं होतं. रोजच थांबवायची, कारण तिला कुठे ठेवणार? त्या दिवशी अगदीच राहवेना. शेजारची बाई कवठेमहांकाळची होती. तिला म्हटलं, "जरा हिला धरता का? दोन मिनिटं." तिने काही न बोलता माझी पोरगी मांडीवर घेतली आणि तिची मान बरोबर हाताच्या बेचक्यात टेकवली. मला सांगावं लागलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला न सांगता बरोबर धरलं होतं. मी मोरीत उभी राहून रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले. ती म्हणाली, "आता माझ्या पोराला धरा, मी पण जाऊन येते."

आमची 'संस्था' ती एवढीच. नाव नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही.

पुढे त्यातून भिशी निघाली. पैशांची भिशी तुला माहीतच आहे, आमची तासांची होती. आम्ही पाचजणी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्यातरी घरी जमायचं, चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिचं मूल बाकीच्यांपैकी दोघी तीन तास सांभाळणार आणि ती बाहेर जाणार. एकदा नाव निघालं की बाकी सगळ्यांचं होईपर्यंत परत नाही. घरकामाला ते तास वापरायचे नाहीत, हा एकच दंडक. कवठ्याची बाई पहिल्यांदा गेली ती थेट दातांच्या डॉक्टरकडे. दोन वर्षं दाढ दुखत होती तिची. दुसरी माझ्याच माजघरात आडवी झाली आणि तीन तास घोरली. मी काय केलं माहितेय? सांगलीच्या स्टँडसमोर भेळ खाल्ली. सावकाश. एक हात कुणाच्या तोंडाजवळ न धरता. फार काही वाटलं नाही, हेही सांगते. मला वाटलं होतं मोकळं मोकळं वाटेल, पण सारखं चुकल्यासारखं होत होतं आणि अडीच तासांतच परत आले. तिसऱ्या खेपेला कुठे जमलं.

मूल सोपवताना सोबत एक कागद द्यायचा. मी लिहिलेला कागद अजून जपून ठेवलाय: "पाणी चमच्याने. मान मागे टाकू नये. 'बा' म्हणजे पाणी. 'बाबा' म्हणजे बाबाच. फीट आली तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावे." तुझ्या मुलाचा असा कागद आजच लिहायला घे. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, भूक लागली की काय करतो, शी-शूचं कसं कळवतो, ओरडायला लागला की कशाने निवतो. लिहिताना तुलाच कळेल, किती गोष्टी एकट्या तुझ्या डोक्यात आहेत आणि उद्या तू तापाने पडलीस तर घरात कुणालाच माहीत नाहीत.

तुझं मूल मात्र माझ्या मुलीसारखं पटकन कुणाच्या मांडीवर जाणार नाही, हे मी समजून आहे. ऑटिझम असलेल्या मुलाला नवं घर, नवा माणूस, नवा वास, सगळंच एकदम होतं. म्हणून पहिल्या महिन्यात तीन तासांच्या नादी लागू नकोस. ती बाई तुझ्या घरी येऊन नुसती बसू दे. मग तू शेजारच्या खोलीत दहा मिनिटं. मग अर्धा तास. दोन-तीन महिने लागले तरी चालेल.

आमच्या भिशीत सगळं गोड नव्हतं हेही ऐक. एकीचा मुलगा चावायचा. एका रविवारी तो दुसरीच्या मुलीला दंडाला कडकडून चावला, रक्त आलं. त्या मुलीची आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलला. चावणाऱ्याची आई पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही तिच्याकडे गेलो ते दोन महिन्यांनी. दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. गेलो तेव्हा तिने दारातूनच पाणी विचारलं आणि परत कधी आली नाही. मला ते अजून लागतं. झांजांच्या आरतीत लोकांनी तुझ्याशी केलं तेच आम्ही, असल्याच पोरांच्या आयांनी, तिच्याशी केलं होतं. शिवाय कुणाचं मूल जास्त हुशार, कुणाचं चालायला लागलं, कुणाच्या नवऱ्याने महागडी व्हीलचेअर आणली, हे सगळं चालायचंच. बायकाच आहोत, संत नाही.

हिरव्या ओढणीच्या बाईच्या मुलीचा त्रास वेगळा आहे म्हणून बिचकू नकोस. उलट बरं. दोन्ही मुलं पळणारी असली की सांभाळणाऱ्या दोघीही धावत सुटतात. एक पळणारं आणि एक बसून राहणारं असलं की जमतं.

एक विनंती. भिशी चार महिने चालली की कुणीतरी म्हणेल, याचं रीतसर उद्घाटन करू, नगरसेवकांना बोलवू. नको. 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला मी असे कार्यक्रम ढिगाने पाहिलेत. मुलांना सकाळी नऊपासून मांडवात बसवतात, पाहुणे साडेअकराला येतात, लाउडस्पीकर कानाशी, आणि मग मुलं रडली की आयोजक आयांकडे डोळे वटारून बघतात.

आता घरातलं. सासूबाईंशी पूर्वजन्मावरून वाद घालू नकोस, त्या वादात आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्यांना एक काम दे. माझ्या सासूबाई मुलीला आठ वर्षं 'बिचारी' म्हणत लांबून बघायच्या, आणि कधी भरवलंच तर मान मागे टाकून वरून ओतायच्या. तिला ठसका लागायचा, मी ओरडायची, त्या रुसायच्या. एका गुरुवारी मी त्यांना मिरजेला नेलं. थेरपिस्टने त्यांच्याच हातात चमचा दिला आणि दाखवलं: पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास गिळून झाल्यावरच दुसरा. मी सांगितलं असतं तर सुनेने शिकवलं असं झालं असतं. घरी आल्यावर त्या शेजारणीला सांगत होत्या, "अगं तसं नाही, हनुवटी खाली हवी." पुढची अकरा वर्षं रात्रीचं जेवण त्यांनीच भरवलं. 'एक घास काऊचा' करत करत, चाळीस मिनिटं. पूर्वजन्माचं पालुपद काही सुटलं नाही, पण ती चाळीस मिनिटं माझी झाली. तुझ्या सासूबाईंना एकदा मंगळवारी साताऱ्याला घेऊन जा.

शेजारणी 'काही लागलं तर सांग' म्हणतात ना? त्यांचं मन खोटं नसतं, त्यांना खरंच कळत नाही काय करायचं. म्हणून वार आणि वेळ घालून माग. "गुरुवारी सहा ते सात लेकीला तुमच्याकडे अभ्यासाला बसवू का?" एवढं नेमकं मागितलं की दहातल्या तीन बायका हो म्हणतात. तीन पुरतात.

आणि लेक. तिच्या वाक्याचा राग मानू नकोस, तिला लाजही वाटू देऊ नकोस. घरातलं दुसरं मूल अशा वेळी फार लवकर शहाणं होतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात, तिथेच घोळ होतो. माझा मुलगा तिशीत आल्यावर एकदा म्हणाला, "आई, मला कधी ताप आला तर मी तुला सांगायचोच नाही." मी काय बोलणार त्यावर? भिशीत तुझा पहिला नंबर लागेल तेव्हा ते तास लेकीला दे. प्रीतिसंगमाच्या बागेत जा, कणीस खा, भावाचा विषय काढू नकोस. वाढदिवस मैत्रिणीच्या घरी करता आला तर तसा कर. त्यात भावाला लपवणं नाही. एक दिवस तिचा, एवढंच.

गणपतीचं म्हणशील तर त्याने जे केलं तो हट्ट नव्हता. झांजांचा आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो, मेंदूला तो भार पेलत नाही. मंडळातल्या एखाद्या समजूतदार पोराला आधीच गाठ. आरतीच्या अर्धा तास आधी, मांडव शांत असताना, याला दर्शनाला न्यायचं, त्याच्या हाताने दूर्वा वाहायच्या आणि निघायचं. कान झाकणारे हेडफोनसारखे मिळतात, तेही जवळ ठेव. मागून बोलणाऱ्यासाठी एकच वाक्य तयार ठेव, "त्याला आवाजाचा त्रास होतो," आणि पुढे चालू लाग. व्याख्यान द्यायची गरज नाही.

औषधांच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. ऑटिझमवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि उंटिणीच्या दुधाने कुणाचा ऑटिझम जात नाही. नवऱ्याच्या पगारातला रुपयाही त्यात घालू नकोस. ग्रुप म्यूट कर.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण एकटीने केली तर. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसशील तर आधी ते काढ. अर्ज ऑनलाइन असतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. तिथे आयएसएए नावाच्या मोजपट्टीने ऑटिझमचं प्रमाण ठरवतात, आणि 40 टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती सुरू होतात. त्यानंतर 'निरामय', म्हणजे राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता अशा चौघांसाठी आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात बसतो. हिरव्या ओढणीच्या बाईच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी असेल तर दोघी एकाच दिवशी अर्ज करा. एक रांगेत, एक मुलांपाशी. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, तुझं स्वतःचं तिकीट 2023 पासून अर्धं आहेच.

शाळेने 'घरीच ठेवा' म्हटलं, ते त्यांना म्हणता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 6 ते 18 वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि निवड आपली. मुख्याध्यापकांना नम्रपणे म्हण, "सर, एवढं लेखी द्या." लेखी कुणी देत नाही. मग पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांची चौकशी कर. जाताना एकटी जाऊ नकोस. खुर्चीतल्या माणसाचा सूर समोर एक बाई असताना वेगळा असतो आणि तीन बायका असताना वेगळा, हे मी चार कार्यालयांत पाहिलंय.

तू लिहिलंस, मी संस्था काढणारी बाई नाही. नको काढूस. पण एक सांगते. नाशिकच्या रजनीताई लिमये शिक्षिका होत्या, मुलगा विशेष होता, त्यांनी सत्तरच्या दशकात विशेष मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली. मुंबईत मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीसाठी 1972 मध्ये तीन मुलांवर शाळा सुरू केली. डोंबिवलीजवळ खोणी गावात 'घरकुल' आहे, मोठ्या झालेल्या विशेष मुलामुलींसाठी, तेही अमेय पालक संघटनेतल्या आईवडिलांनीच उभं केलेलं. यातल्या कुणीही 'आता संस्था काढू' म्हणून सकाळी उठलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या पोराचं अडलं होतं आणि शेजारच्याच्या पोराचंही तेच अडलं होतं.

आपल्या माघारी काय, हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. मुलगा अठराचा झाला की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्याला अजून अकरा वर्षं आहेत. माझं म्हणशील तर मी एकसष्टची आहे, पालक म्हणून मुलाचं नाव लागलंय, पण तिला रात्री कुशीवर कोण वळवेल, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. आमच्या पाचजणींतल्या आता तिघीच उरलोय. आम्ही तिघी त्यावर बोलतो, एवढंच. भिशी अजून आहे. हल्ली चिठ्ठी काढत नाही, जिचे गुडघे जास्त दुखत असतील तिला सुट्टी.

तर येत्या मंगळवारी थर्मासमध्ये दोन कप चहा जास्त घे. मुलगा आत गेला की तिला एक कप दे आणि नाव विचार. मग म्हण, "दोन मिनिटं माझी पिशवी बघता का, मी जाऊन येते." पहिल्याच दिवशी मूल सोपवायचं नाही, पिशवी पुरे. काय झालं ते मला लिही, तिने नको म्हटलं तरी लिही.

तुझी,
मावशी